कुत्र्यावरचा आळ

आमच्या गल्लीच्या वळणावर, हातपंपाशेजारी, एक तांबडं कुत्रं झोपत असे. त्याच्यावर मी खोटा आळ घातला आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला त्याची साक्षीदार केलं. ही गोष्ट तोंडातून बाहेर यायला मला सात वर्षं लागली. त्यातली पाच मी पिण्यात घालवली आणि दोन न पिण्यात. न पिण्याची दोन जास्त जड गेली, कारण तेव्हा सगळं आठवत होतं.

घडलं ते असं. रविवार होता, दुपारचे चार. मुलगी चित्रकलेच्या वर्गाला गेली होती आणि तिला आणायचं होतं. मी बारापासून पीत होतो. बायको म्हणाली, "तुम्ही नका जाऊ, ती येईल चालत." मी जाऊ शकतो हे दाखवायलाच मी गेलो. येताना गल्लीच्या वळणावर स्कूटरचं हँडल वळलं नाही, किंवा मी ते वळवलं नाही. आम्ही समोरच्या घराच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, आदळलो. मी मुलीच्या अंगावर पडलो आणि तिच्या उजव्या हातातून वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. कुत्रं पंपाशेजारी होतं तिथंच होतं. त्यानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुढच्या पायांवर टेकवली.

लोक दारं उघडून बाहेर येईपर्यंत जो थोडा वेळ होता, त्यात मी तिच्या कानाशी वाकलो. "कुत्रं आडवं आलं म्हणून सांग. सांगशील ना, कण्णा?"

कण्णा, म्हणजे सोन्या, असं मी तिला लाडानं म्हणत असे. तिनं मान हलवली. बायको धावत आली तेव्हा मुलगी रडत रडत म्हणाली, "कुत्रं आडवं आलं, आई. अप्पांची चूक नाही."

दुसरं वाक्य मी शिकवलं नव्हतं.

चार दिवसांनी बायकोनं नाक्यावरच्या ऑटोवाल्याला बोलावलं. ती काही दुष्ट बाई नाही. त्या कुत्र्याला उरलेला भात तीच घालत असे. पण लेकराचा हात प्लास्टरमध्ये होता आणि गुन्हेगार पंपाशेजारी ऊन खात पडलेला होता. तिनं भाताची ताटली हातात धरली, तसं कुत्रं शेपटी हलवत आपणहून ऑटोत चढलं. वेण्णार नदीच्या पलीकडे त्याला सोडून द्यायचं ठरलं होतं. मी खिडकीत उभा होतो. मुलगी पायरीवर बसली होती. ऑटो सुरू झाला तेव्हा तिनं कुत्र्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. आणि आत निघून गेली.

त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त तमिळमध्ये बोलू लागली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात काय बिघडलं ते चटकन कळणार नाही. आमची घरं मराठी राजांच्या काळापासून इथं तंजावूरला आहेत. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर तमिळ. मुलं तर मराठीत विचारलेल्याला तमिळमध्ये उत्तर देतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. म्हणून आमच्या घरातही ते कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं, कारण आईशी ती मराठीच बोलत होती. माझ्या वाट्याला आली ती दुकानदाराशी बोलतात तशी तमिळ, नीट, नम्र आणि आखूड. मी काही म्हणालो की "सरि, अप्पा." बरं, अप्पा. एवढंच.

मी टायपिंग शिकवतो. राजवाड्याच्या बाजूच्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर आमची इन्स्टिट्यूट आहे. एका रांगेत इंग्रजी मशिनं, दुसरीत तमिळ. सरकारी नोकरीसाठी लोअर आणि हायरच्या परीक्षा अजून द्याव्या लागतात, म्हणून कॉम्प्युटर आले तरी आमचा खडखडाट बंद पडला नाही. टायपिंगच्या मास्तरानं हात दाखवून शिकवायचं असतं. माझे हात दुपारी बारापर्यंत थरथरायचे. ते मी खिशात ठेवायचो आणि तोंडानं शिकवायचो. मुलं समजत, सरांची ही पद्धत आहे.

अशाच एका सकाळी एक म्हातारा जिना चढून आला. पांढरा शर्ट, पांढरं वेष्टी म्हणजे धोतर, बोटांच्या पेरांत जुनं काळं तेल मुरलेलं. बस डेपोत फिटर होतो, आता निवृत्त आहे, म्हणाला. एक नोटीस टाइप करून हवी होती, पाच प्रती.

"झेरॉक्सच्या दुकानात का नाही गेलात?" मी विचारलं.

"तिथं जो तो मोठ्यानं वाचतो, सार. तुम्ही टाइप करताना ओठ हलवत नाही, असं कळलं."

पाच कागद, मधे चार कार्बन. मजकूर चार ओळींचा होता. दारू सोडण्याची इच्छा असणाऱ्यांनी रविवारी सकाळी दहाला जवळच्या तिरुवैयारु गावातल्या एका शाळेत यावं. वर्गणी नाही. कोणी काही विचारणार नाही. त्या चार ओळींना मला तीन वेळा कागद बदलावे लागले. म्हाताऱ्यानं माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. तो माझ्या बोटांकडे पाहत होता, एखादं इंजिन ऐकावं तसा.

शेवटी त्यानं चार प्रती घेतल्या आणि सगळ्यांत खालची कार्बन प्रत मशिनवर ठेवून दिली.

"ही पुसट आली आहे. दुसरी काढून देतो," मी म्हणालो.

"राहू दे. ज्याला वाचायची आहे त्याला वाचता येईल," असं म्हणून तो कठड्याला धरत जिना उतरला.

मी तो कागद फाडणार होतो. का कोण जाणे, घडी करून शर्टाच्या खिशात घातला. दुसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट अंगात घातला तर कागद त्याच्या खिशात. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या शर्टाच्या. बायको रोज कपडे भिजवण्याआधी खिसे तपासते. तमिळ तिला वाचता येतं. ती मला एक अक्षर बोलली नाही. महिनाभर तो कागद एका शर्टातून दुसऱ्या शर्टात फिरत राहिला, घड्यांवर झिजला, आणि मी त्याला हात लावला नाही. आज विचार करतो तेव्हा वाटतं, इतके दिवस एवढ्याशा कागदाला जपून ठेवणारी ती बाई मनात काय म्हणत असेल! देवासमोर माझ्याकडून शपथा घेऊन ती थकली होती. आता ती फक्त खिसा बदलत होती.

मग एका रविवारी मी निघालो, आणि निघताना आमच्याकडचा माणूसच करील अशी चूक केली.

आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्या दिवशी विद्यार्थी ताट घेऊन येतो. विड्याची पानं, सुपारी, केळी, नारळ. गाणं शिकायचं असो, वीणा असो, टायपिंग असो, गुरूपुढे ताट ठेवल्याशिवाय आमच्या गावात काही सुरू होत नाही. मला वाटलं, दारू सोडायला शिकवणारा तिथं कोणीतरी असणार. रिकाम्या हातानं कसं जायचं? बाजारातून डझनभर केळी घेतली, पानं घेतली, नारळ घेतला, पितळी ताट पिशवीत घातलं आणि टाउन बसमध्ये बसलो. तिरुवैयारुपर्यंत वाटेत नद्यांचे पूल लागतात. वेण्णारचा आला तेव्हा मी मान खाली घातली आणि पुलापलीकडे बराच पुढे जाईपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं नाही. पुढे दर रविवारी मी तेच करत गेलो.

शाळा प्राथमिक होती. पहिलीचा वर्ग. भिंतीवर पाढे, कणसाचं चित्र, मोराचं चित्र, आणि पाचसहा वर्षांच्या पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले आठ-नऊ मोठे पुरुष. मी दारात उभा राहून पिशवीतून ताट काढलं, मांडलं आणि विचारलं, "गुरू कोण आहेत?"

बाकांवरचे एकमेकांकडे पाहू लागले. मग तो फिटर म्हातारा उठला. त्यानं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि इतकं हसला की त्याला भिंत धरावी लागली.

"तंबी, इथं गुरू कोणी नाही. सगळे नापास झालेले आहेत." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी पन्नाशीला टेकलेला माणूस, पण त्या क्षणी मी कोणाचा तरी धाकटा भाऊ झालो. "केळी मात्र चांगली आहेत. प्रत्येकी एक घ्या रे."

आणि त्या वर्गात आम्ही सगळ्यांनी केळी खाल्ली. नारळ बाहेरच्या पायरीवर फोडला. एक नारळ काढणारा होता, सडपातळ, तळहात सालीसारखे झालेला. त्यानं तो एका फटक्यात असा फोडला की बरोबर दोन वाट्या झाल्या. "हा एकच धंदा मी प्यायलेला असतानाही नीट केला," तो म्हणाला. "मी प्यायलेला असायचो, झाड नसायचं. म्हणून वाचलो."

मग सभा सुरू झाली, आणि मला जे दिसलं त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही. एकेकानं आपलं नाव सांगायचं, पुढे 'मी दारुडा आहे' म्हणायचं आणि हवं ते बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. मधे बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, बोलून झाल्यावर चांगलं-वाईट म्हणायचं नाही. एवढीच पद्धत. मी सारा जन्म बोलण्याच्या गावात काढलेला. आमच्याकडे एखाद्याला खोकला झाला तरी दहा जण काढे सांगतात. आणि इथं एक बँकेतला अधिकारी, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, आपण आजारी आईचं औषध आणायला जाऊन तीन दिवसांनी कसे परतलो ते सांगत होता, आणि नऊ माणसं हात मांडीवर ठेवून ऐकत होती. कोणी च्च केलं नाही. कोणी मान हलवली नाही. त्याचं सांगणं संपलं, थोडा वेळ तसाच गेला, आणि पुढचा बोलू लागला. शेजारच्या घरात कोणी व्हायोलिनवर स्वरांचा तोच तोच धडा घोटत होतं.

देवळात मी पुष्कळ वेळा हात जोडून उभा राहिलो आहे. असं शांत मला गाभाऱ्यातही कधी वाटलं नव्हतं.

मी पुढच्या रविवारी गेलो. त्याच्या पुढच्या. मधे दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा तीन आठवडे गेलो नाही. परत गेलो तेव्हा माझी जागा, मोराच्या चित्राखालची, मोकळी ठेवलेली होती. 'कुठं होतास' असं कोणी विचारलं नाही. नारळवाला फक्त बाकावर जरा सरकला. त्यानंतर मी प्यायलो नाही. हे कसं झालं ते मला सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणून ते मी माझ्या नावावर लावत नाही. हात हळूहळू थांबले. एके दिवशी मी एका विद्यार्थिनीच्या मशिनवर वाकून बोटं कशी ठेवायची ते दाखवलं, आणि मग लक्षात आलं की हात खिशाबाहेर आहेत.

तिथं मी सगळं बोललो. वडिलांच्या तिथीच्या दिवशी भटजी बसलेले असताना मी आत जाऊन प्यायलो होतो तेही सांगितलं. तमिळमध्ये मला बोलता येतं, चांगलं येतं. महिने गेले तसं तर जास्तच चांगलं येऊ लागलं. इतरांचे शब्द ऐकून ऐकून मला लाज, पश्चात्ताप, अहंकार असे मोठे शब्द ओळीनं लावता येऊ लागले. फक्त कुत्र्याचं बोललो नाही.

वर्ष उलटून गेल्यावर एकदा सभा संपल्यानंतर फिटर म्हातारा माझ्याबरोबर बस स्टँडपर्यंत चालत आला.

"तंबी, तुझा एक दात हलतोय. बोलताना तुझी जीभ सारखी तिकडं जाते आणि परत येते. मी बघतोय."

मी बसच्या वाटेकडे पाहू लागलो.

"घरी कोणती भाषा बोलता?"

"मराठी."

"मग तो दात मराठीत असणार. पुढल्या खेपेला इथं मराठीत बोल."

"इथं कोणाला कळणार, अय्या?" वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे अय्या म्हणतात.

"आम्हाला कळावं म्हणून येतोस का तू?" तो म्हणाला आणि माझ्यासाठी बसला हात दाखवला.

त्याचं म्हणणं पेलायला मला आणखी काही महिने लागले. मग एका रविवारी माझी पाळी आली, मी नाव सांगितलं, दारुडा आहे म्हणालो, आणि थांबलो. नऊ माणसं माझ्याकडे पाहत होती. मी मराठीत म्हणालो, "आमच्या गल्लीत एक तांबडं कुत्रं होतं."

घराच्या चार भिंतींबाहेर, परक्या माणसांपुढे, मी ही भाषा कधी मोठ्यानं बोललो नव्हतो. माझाच आवाज मला ओळखू येईना. आणि मराठीत माझ्याजवळ ते मोठे शब्द नव्हते. पश्चात्तापासाठी आमच्या घरात कोणी कधी शब्द वापरला नव्हता. होतं ते हँडल, ओटा, हात, आणि 'सांगशील ना, कण्णा'. मी तेवढ्यावरच सांगत गेलो. मुलीनं जोडलेलं दुसरं वाक्य आलं तिथं मला पुढे जाता येईना. मी थांबलो. कोणी खोकलं नाही, कोणी हललं नाही. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं आणि ते प्रत्येक अक्षर ऐकत होते. मी भाताच्या ताटलीपर्यंत आलो, ऑटोपर्यंत आलो आणि संपवलं.

बँकेतला अधिकारी चष्मा पुसत होता. थोड्या वेळानं पुढचा माणूस तमिळमध्ये बोलू लागला.

सभेनंतर पायरीवर चहा पिताना नारळवाला जवळ आला. "तुम्ही काय म्हणालात ते काही कळलं नाही," तो म्हणाला. "पण त्यात मुलगी आहे ना?"

"आहे."

"वाटलंच. माझ्या गोष्टीतही आहे." त्यानं पेला पालथा घातला आणि सायकल काढली.

मी बराच वेळ त्या पायरीवर बसून राहिलो. एखाद्या माणसाला भाषेशिवाय एवढं ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं.

म्हातारा फक्त एवढंच म्हणाला, "आता ज्यांना ही भाषा कळते त्यांना."

घरी पोचलो तेव्हा बायको पेपर पसरून शेवग्याचा पाला निवडत होती. मुलगी, आता अठरा वर्षांची, कॉलेजची वही घेऊन झोपाळ्यावर बसली होती. तिचा उजवा हात कोपरात अजून पुरता सरळ होत नाही. लिहिताना ती वही जरा तिरपी धरते. मी पंखा बंद केला. का केला माहीत नाही. बहुधा आवाज नको होता. आणि उभ्यानंच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते आणखी लहान झालं होतं. पाच-सहा वाक्यांत संपलं.

बायकोचा हात पाल्यातच राहिला. "म्हणजे ते कुत्रं..."

"ते जागचं हललं नव्हतं."

"मी त्याला भात दाखवला," ती म्हणाली. "भात दाखवून गाडीत चढवलं. शेपटी हलवत होतं ते." मग तिचा आवाज चढला. "तुम्ही पीत होता ते मज ठाऊक होतं. अवघ्या गल्लीला ठाऊक होतं. पण हे? तुम्ही माझ्या हातून पाप करवलंत, आणि सात वर्षं त्याच हातचं जेवलात!"

सभेत शिकलो होतो तेवढं एकच मला त्या वेळी करता येत होतं. ऐकणं.

ती मुलीकडे वळली. "आणि तू? तूही? एवढी वर्षं आईला सांगितलं नाहीस?"

मुलीनं वही मिटली. "मी वाट पाहत होते," ती मराठीत म्हणाली.

"कसली वाट?"

"अप्पा सांगतील म्हणून. मी सांगितलं असतं तर ते मी सांगितल्यासारखं झालं असतं ना, आई."

हे ती आईला म्हणाली, मला नाही. पण मी तिथं उभा होतो. ती अकरा वर्षांची असताना मी तिच्यावर एक ओझं ठेवलं होतं. तिनं ते खाली टाकलं नाही आणि माझ्या अंगावरही फेकलं नाही. मी येऊन उचलीन म्हणून तसंच धरून ठेवलं. तंजावूरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर एवढा मोठा दगड कसा चढवला असेल म्हणून लोक माना वर करून बघतात. मी माझ्या मुलीकडे तसा पाहत होतो.

"ते कुठं होतं मज ठाऊक आहे," मुलगी वही बाजूला ठेवत म्हणाली.

प्लास्टर निघाल्यावर तिनं ऑटोवाल्याला गाठून विचारलं होतं. वेण्णारचा पूल ओलांडला की उजव्या हाताला एक पंक्चरचं दुकान आहे. कुत्रं तिथं जुन्या टायरांच्या ढिगावर राहू लागलं होतं. आधी मैत्रिणीच्या सायकलवर मागे बसून, मग स्वतःच्या सायकलवर, दर शनिवारी शिकवणीच्या आधी ती तिथं जात होती. डब्यात दहीभात नेत होती.

"म्हणून तुज शनिवारी डबा जास्त लागायचा," बायको म्हणाली.

"हो."

"अजून आहे ते?"

"नाही. पोंगलच्या आधी गेलं. म्हातारं झालं होतं." मग माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "अप्पा त्या बसनं जायला लागले तेव्हा होतं. टायरांवर बसलेलं दिसायचं रस्त्यावरून."

दीड वर्षाहून जास्त काळ, दर रविवारी जाताना आणि येताना, मी त्याच्यासमोरून गेलो होतो. नेमकी तिथंच मान खाली घालून.

बायको उठली. पाला तसाच टाकून स्वयंपाकघरात गेली. भात कालवल्याचा आवाज आला. ती डबा घेऊन बाहेर आली आणि पायात चप्पल घालू लागली.

"ते गेलं, आई," मुलगी म्हणाली.

"ऐकलं मी. दुसरं कोणी असेल तिथं. चल, दाखव."

आम्ही तिघं टाउन बसमध्ये बसलो. त्या दोघी पुढे, मी मागे. त्या दिवसानंतर सगळं जुळून आलं असं मी लिहिणार नाही. बायको पुढे कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि तो तिचा हक्क होता. मुलगी आजही माझ्याशी जास्त करून तमिळमध्येच बोलते. कधी घाईत असली तर एखादं मराठी वाक्य निसटतं. मी ते ऐकतो आणि मागत काही नाही. फिटर म्हातारा म्हणतो, रंग वाळायच्या आत बोट लावून बघू नये, डाग पडतो.

त्या दिवशी पुलापलीकडे उतरलो. दुकान म्हणजे चिंचेच्या झाडाखाली पत्र्याचं छप्पर, पाण्याचं घमेलं आणि टायरांचा ढीग. मालक एका ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. मुलीला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"अरे पाप्पा! बरेच दिवस आली नाहीस." पाप्पा म्हणजे छोटी मुलगी.

तिनं आम्ही आई-वडील आहोत असं सांगितलं. टायरांमागे एक ठिपक्यांची कुत्री दोन पिल्लांना घेऊन पडली होती. बायकोनं खाली बसून तिच्यापुढे डबा उपडा केला आणि तिथंच उकिडवी बसून राहिली. कुत्री खाऊ लागली तरी ती उठली नाही.

मालक माझ्याशी बोलू लागला. त्या तांबड्या कुत्र्याचं कौतुक करायला त्याला माणूस हवा होता. इथंच, या झाडाच्या बुंध्याशी पुरलं, म्हणाला. "फार शहाणं होतं, सार. हा रस्ता केवढा वाहता आहे, बघताच आहात. लॉऱ्या, बसेस, उसाचे ट्रॅक्टर. एवढी वर्षं राहिलं, पण एकदाही कोणत्या गाडीच्या आडवं गेलं नाही."

बायकोनं मान वर केली. मुलगी झाडाच्या बुंध्याशी उभी होती. तिनंही माझ्याकडे पाहिलं.

"मला ठाऊक आहे," मी तमिळमध्ये म्हणालो.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

मी माझं नाव सांगितलं. मी दारुडा आहे म्हणालो. मालक चमकला, एकदा त्या दोघींकडे पाहिलं, मग हातातली ट्यूब त्यानं घमेल्यात सोडून दिली, हात लुंगीला पुसले आणि ऐकू लागला.